शाळा बंद असताना मुलांना इंग्रजी शिकवायचं तर स्वयंसेवकानं काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कोविडमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा कितीतरी लोकांनी स्वयंसेवक म्हणून मुलांना फोनवरून, ऑनलाइन किंवा गावातल्या ओट्यावर बसून इंग्रजी शिकवलं. त्यातून मुलांच्या पदरात काही पडलं का? आणि पुन्हा कधी शाळांना कुलूप लागलं, तर इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या पण शिकवण्याचा अनुभव नसलेल्या तुमच्यासारख्या नोकरदार माणसानं नेमकं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर आधी देते. पडलं, पण सगळीकडे नाही. जिथं एकच ताई किंवा दादा त्याच दोन-तीन मुलांना ठरलेल्या वेळी, आठवड्यामागून आठवडे फोन करत राहिले, तिथं मुलं वाचायला लागलेली मी पाहिली आहेत. जिथं पालकांच्या ग्रुपवर रोज व्हिडिओच्या लिंका टाकल्या गेल्या आणि महिन्यातून एकदा साठ मुलांचा झूम वर्ग झाला, तिथं फोटो चांगले आले, पण मुलं होती तिथंच राहिली. या फरकाचं कारण स्वयंसेवकाच्या इंग्रजीत नव्हतं. अस्खलित बोलणारे काही जण तीन आठवड्यांत थांबले आणि बारावीला इंग्रजीत जेमतेम पास झालेल्या एका मुलीनं चार मुलांना वाक्यं वाचण्यापर्यंत नेलं. वेळ पाळणं, मूल कुठं आहे ते ओळखणं आणि घरातल्या एका माणसाला सोबत घेणं, या तीन गोष्टी तिला जमल्या होत्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना प्राथमिक इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण देते. २०२० आणि २०२१ मध्ये शहरातले स्वयंसेवक आणि सातारा-सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यातली मुलं यांची गाठ घालून देण्याचं काम आमच्या छोट्या गटानं केलं. पुढचं सगळं त्या अनुभवातून सांगते आहे.

तेव्हाची परिस्थिती नीट आठवायला हवी, कारण आज ती बरीच पुसट झाली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग काही ठिकाणी नोव्हेंबर २०२० मध्ये उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये, आणि दुसरी लाट आली तसे सगळेच पुन्हा मिटले. पहिली ते चौथीची खेड्यातली मुलं थेट १ डिसेंबर २०२१ ला वर्गात बसली, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा घरी गेली. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलानं वर्गाचा फळा पहिल्यांदा पाहिला तो दुसरी अर्धी उलटल्यावर. आपल्याकडे २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. या मुलांच्या हातात माय इंग्लिश बुक होतं, पण ते उघडून दाखवणारं कोणी नव्हतं.

शिक्षक रिकामे होते असं मात्र समजू नका. जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाई तेव्हा तपासणी नाक्यांवर, विलगीकरण केंद्रांवर आणि 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर तापमान मोजत फिरत होत्या. त्यातूनही अनेकांनी वस्त्यांवर जाऊन शिकवलं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवला. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पाठांची मालिका लागायची. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, पालघरच्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' भोंग्यावरून ऐकवली गेली. ही सगळी कामं मनापासून झाली आणि मला त्यांचा आदर आहे. पण भिंत आणि टीव्ही मुलाला विचारत नाहीत, की तुला हे वाचता आलं का? ते विचारायला माणूस लागतो, आणि स्वयंसेवकाची जागा नेमकी तिथं आहे.

या म्हणण्याला आधारही आहे. बोट्स्वानात शाळा बंद असताना एका गटाला नुसते एसएमएस पाठवले आणि दुसऱ्या गटाला एसएमएससोबत आठवड्यातून एक वीसेक मिनिटांचा फोन केला. फोनवाल्या मुलांचं गणित स्पष्ट सुधारलं, नुसत्या एसएमएसचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. पुढे भारतासह आणखी पाच देशांत हा प्रयोग झाला आणि फोनवरून शिकवण्याचा उपयोग तिथंही दिसला. बांगलादेशाच्या खेड्यांत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून १३ आठवडे मुलांच्या आयांना फोनवरून मार्गदर्शन केलं. मुलांचं शिकणं सुधारलं आणि आया घरी मुलांना जास्त वेळ देऊ लागल्या. इटलीत २०२० मध्ये पाचशेवर विद्यार्थी-स्वयंसेवकांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांना एकेकटं ऑनलाइन शिकवलं, त्यात गणित आणि इटालियनबरोबर इंग्रजीही होतं, आणि मुलांच्या प्रगतीबरोबर त्यांची मनःस्थितीही सुधारलेली आढळली. देश वेगळे, विषय वेगळे, पण एक माणूस नियमानं एका मुलाशी किंवा त्याच्या आईशी बोलत होता हे तिन्हीकडे सारखं होतं.

आता साधनाबद्दल. स्वयंसेवक सुरुवातीलाच विचारतात की झूम घेऊ की गूगल मीट. आधी हे विचारा, की घरात फोन कोणता आहे आणि तो संध्याकाळी कुणाच्या खिशात असतो. सप्टेंबर २०२० च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६-३७ टक्के होतं. म्हणजे स्मार्टफोन वाढले होते हे खरं, तरी दहातल्या चौघांकडे तो नव्हताच. ज्यांच्याकडे होता त्यांच्या घरातही तो एकच, वडिलांचा. सकाळी तो त्यांच्याबरोबर रानात किंवा कामावर जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. तीन भावंडं असली की कुणाचा वर्ग बघायचा हा तंटा वेगळाच. म्हणून आम्ही पहिल्यापासून साधा फोनकॉल हाच पाया धरला. फोन स्वयंसेवकानं करायचा, मुलानं नाही. घरचा रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात, तेव्हा दोनदा फोन लागला नाही तर मूल कंटाळलं असं समजू नका, शेजारच्या नंबरावर विचारा. शेजारचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावा.

वेळ संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यानची. परदेशातल्या मराठी मंडळींनीही हौसेनं हात दिला होता. त्यांच्यासाठी हे सोयीचं पडायचं, कारण इथले सात म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तेच सात साडेआठवर येतात. ऑफिसला निघायच्या घाईत मग वर्ग बुडायला लागतात. हे आधीच बोलून ठेवलं तर मूल फोनशेजारी वाट बघत बसत नाही.

साध्या फोनवर एका वेळी तीनपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. कॉन्फरन्स कॉलवर पाच जोडता येतात, पण पाच घरांतल्या कोंबड्या, टीव्ही आणि रडणारी बाळंही जोडली जातात. दोन मुलं उत्तम. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. शाळकरी मुलाचं लक्ष फोनला कान लावून याहून जास्त टिकत नाही आणि टिकवायचा प्रयत्नही करू नये.

आता मुख्य गोष्ट, शिकवायचं काय.

नवा स्वयंसेवक काळांपासून सुरुवात करतो. सिंपल प्रेझेंट, प्रेझेंट कंटिन्युअस. आपण स्वतः तसं शिकलो म्हणून हे होतं. किंवा तो 'स्पोकन इंग्लिश' घेतो आणि मुलाकडून 'माय नेम इज' घोकून घेतो. चौथीतलं मूल 'हाऊ आर यू'ला 'आय ॲम फाइन' म्हणतं, आपल्याला वाटतं गाडी रुळावर आली, आणि त्याला पुस्तकातला 'पेन' हा शब्द दाखवला तर वाचता येत नाही. महामारीत आपल्या हाती अर्धा तास आणि एक फोन आहे. तेवढ्यात मुलाला आयुष्यभर पुरेल असं एकच देता येतं: समोरची इंग्रजी ओळ स्वतः वाचता येणं. एकदा ते आलं की शाळा उघडल्यावर पुढचं मूल आणि शिक्षक मिळून करतात. ते नसेल तर पाचवीपासून पुढे प्रत्येक वर्षी मूल वर्गात नुसतं बसून राहतं. २०२२ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी साधारण चौघांत एक होती, आणि २०१६ मध्येही जवळपास तेवढीच होती. म्हणजे हे दुखणं कोविडच्या आधीचं आहे.

पहिल्या दोन फोनांत शिकवू नका, फक्त बघा. 'असर'ची इंग्रजी चाचणी चार पायऱ्यांची आहे: मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं. घरात मोठी बहीण किंवा कॉलेजात जाणारा काका असेल तर तो अक्षरांवर बोट ठेवतो आणि मूल फोनवर सांगतं. कुणीच नसेल तर पुस्तकातलं पान सांगा: "पान चौदा उघड, वरून तिसरी ओळ, दुसरा शब्द." बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, तेव्हा तेच पान तुमच्यापुढेही असतं. ही फार मोठी सोय आहे. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून पाठ्यपुस्तकं मुलांच्या घरी पोहोचलेली असतात. त्यामुळे वेगळी वर्कशीटं छापून पाठवण्याच्या नादी लागायची गरज नाही.

मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय हे फोनवर कसं कळणार? ओळ शेवटून पहिल्या शब्दाकडे वाचायला सांगा. पाठ असलेलं मूल लगेच अडतं, वाचणारं मूल सावकाश का होईना पण येतं. स्वयंसेवकांना मी शिकवलेल्या सगळ्या युक्त्यांत सर्वांत जास्त उपयोगी पडलेली ही.

आणि इंग्रजीच्या आधी एक मराठी ओळ वाचून घ्या. तिसरीतलं मूल मराठीतला चार ओळींचा उतारा वाचू शकत नसेल तर इंग्रजी दोन महिने बाजूला ठेवा आणि मराठी वाचन घ्या. पालक नाराज होतात, "मॅडम, मराठी तर घरी बोलतोच की," म्हणतात. समजावून सांगा. ज्या मुलाला अक्षर आणि आवाज यांची जोडी एका लिपीत लागली, त्याला दुसऱ्या लिपीत ती लावणं कितीतरी सोपं जातं. या मुद्द्यावर मी कधीच तडजोड करत नाही.

मुलांचे गट इयत्तेनुसार करू नका, पायरीनुसार करा. 'प्रथम' संस्थेनं ही पद्धत वर्षानुवर्षं वापरून दाखवली आहे. पाचवीतला दादा आणि दुसरीतली बहीण दोघंही छोट्या अक्षरांवर अडत असतील तर ती एकाच गटात बसतात. दादाला थोडं लागतं. त्याला बहिणीकडून पाच शब्द वाचून घ्यायचं काम द्या, तो खुलतो.

अक्षरं येतात पण शब्द येत नाही, ही आपल्या मुलांची नेहमीची अडचण. मूल 'पी, आय, एन' असं बरोबर म्हणतं आणि मग गप्प होतं, कारण त्याला अक्षरांची नावं शिकवलेली असतात, आवाज नाहीत. इथं मराठी मुलांकडे एक तयार हत्यार आहे. त्यांना पाय मोडलेलं अक्षर ठाऊक असतं. 'पी' म्हणजे 'प' नव्हे, पाय मोडलेला 'प्'. 'एन' म्हणजे 'न्'. मग 'प्‌, इ, न्‌' जोडलं की 'पिन' आपोआप होतं. हे सांगितलं नाही तर मूल 'प-इ-न' म्हणतं आणि त्यातून कुठलाच शब्द उभा राहत नाही. अक्षरांचा क्रमही ए-बी-सी-डी असा घेऊ नका. एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरुवात करा. एवढ्यांतून पिन, टिन, टिप, सिप, पॅन, टॅप, पॅट असे शब्द पहिल्या पंधरवड्यातच वाचता येतात. त्यातले पिन आणि टिप त्यानं घरात ऐकलेले असतात, आणि ओळखीचा शब्द कागदावर भेटला की त्याचा आवाज फोनवरही बदललेला कळतो. छोट्या अक्षरांतले बी आणि डी एका आठवड्यात शिकवू नका, दोघांमध्ये किमान पंधरवडा जाऊ द्या. आरशातली अक्षरं आहेत ती, मुलं गोंधळतातच.

उच्चाराचा आग्रह सोडा. माणदेशातलं मूल 'ब्याट' आणि 'प्यान' म्हणेल. म्हणू द्या. बॅटचं चित्र दाखवल्यावर ते योग्य शब्दावर बोट ठेवतंय ना, तेवढं बघा. दर वाक्याला टोकलं की मूल हळूहळू बोलेनासं होतं, आणि फोनवर न बोलणाऱ्या मुलाला तुम्ही काहीच शिकवू शकत नाही.

फोनच्या आवाजाची एक तांत्रिक बाब सांगते, ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते. जुन्या पद्धतीचा साधा कॉल सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचवतो. 'एस' आणि 'एफ' यांच्या आवाजातला फरक बराचसा त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे फोनवर दोन्ही सारखेच फुसफुसतात. 'सिट' आणि 'फिट' यांत मूल गोंधळलं तर दोष मुलाच्या कानाचा नसतो. म्हणून 'एस' सुरुवातीला घेतला तर 'एफ' अगदी शेवटी घ्यावा. दोन्हीकडे फोरजीचा चांगला कॉल लागत असेल किंवा घरच्या फोनवर व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ऐकता येत असेल तर हा त्रास कमी होतो. असे जोडीचे आवाज मेसेजवर पाठवावेत, मूल चार वेळा ऐकतं. प्रत्यक्ष शिकवताना मास्कमुळे वेगळी अडचण यायची. 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात हे मास्कमधून दिसतच नाही. त्यासाठी आम्ही आवाजाबरोबर हाताची खूण ठरवून घेतली होती.

अर्धा तास कसा जातो ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. पहिली पाच मिनिटं मराठीत गप्पा. जेवलीस का, म्हैस व्यायली का, पाऊस झाला का. ही मिनिटं वाया जात नाहीत. मूल फोनवर बोलायला सरावतं ते याच मिनिटांत. मग मागच्या वेळचे शब्द पुन्हा, वेगळ्या क्रमानं. मग नवीन एकच आवाज किंवा एकच नमुन्याचं वाक्य. त्यानंतर दहा मिनिटं घरभर हालचाल: "टच द डोअर. ब्रिंग अ स्पून. पुट द स्पून इन द कप." मूल धावतं आणि आजीला विचारायचं, "आजी, चमचा कपात टाकला का गं त्यानं?" आजीला इंग्रजी येत नाही, पण चमचा कुठं पडला ते दिसतं. दोन आठवड्यांत आजीच "स्पून आण" म्हणायला लागते. शेवटी मूल त्याला नक्की येणारी एक ओळ घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवतं. फोन नेहमी जमलेल्या गोष्टीवर ठेवायचा, अडलेल्यावर नाही. द, इज, धिस, शी, आर असे शब्द मात्र आवाज जोडून येत नाहीत, ते बघून ओळखावे लागतात. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावायला सांगा.

घरातल्या एका माणसाशिवाय हे चालत नाही. बहुतेक घरांत ती आई असते आणि ती म्हणते, "मला न्हाई येत इंग्लिश." तिला इंग्रजी यायची गरज नाही. फोन चार्ज ठेवणं, सातच्या आधी पुस्तक काढून ठेवणं आणि मूल वाचत असताना शेजारी बसणं, एवढं तिचं काम. ते तिला स्पष्ट सांगा आणि पंधरा दिवसांनी तिच्याशी स्वतंत्र पाच मिनिटं बोला. आईचा आदर राखून बोलणारा स्वयंसेवक टिकतो. "तुम्ही मुलाचा अभ्यासच घेत नाही" असं म्हणणाऱ्याचा फोन पुढच्या आठवड्यापासून उचलला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

आता जे सांगते त्याची तयारी कुठल्याच प्रशिक्षणात करून घेतली जात नाही. महामारीत तुम्ही ज्या घरात फोन करता तिथं मृत्यू झालेला असू शकतो. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये हे वारंवार घडलं. प्राथमिक इंग्रजीत कुटुंबावरचा पाठ हमखास असतो: धिस इज माय फादर, धिस इज माय मदर. कुठल्याही घरात तो पाठ घेण्याआधी शिक्षकांकडून किंवा आशाताईंकडून घरची माहिती घ्या. शंका असेल तर तो पाठ सोडून प्राण्यांचा घ्या, वाचनाला काही फरक पडत नाही. 'बेड', 'टेस्ट', 'मास्क' हे सोपे, वाचायला सुटसुटीत आणि मुलांनी रोज ऐकलेले शब्द; मी ते यादीतून काढून टाकायला लावले होते. एखादं मूल आपणहून म्हणालं, "ताई, माझे पप्पा गेले," तर धडा थांबवा. घाईनं समजूत घालू नका, विषय बदलू नका. ऐका, आणि विचारा की आज वाचायचं की नुसतं बोलायचं. बऱ्याच मुलांना वाचायचं असायचं. दिवसातला तेवढा अर्धा तास घर पूर्वीसारखं चालू आहे असं त्यांना वाटायचं.

अशा घरांची माहिती तुम्हाला सरकारी यंत्रणेच्या आधी कळते, तेव्हा ती शिक्षकांपर्यंत किंवा अंगणवाडीताईंपर्यंत पोहोचवणं हे तुमचं काम आहे. कोविडनं दोन्ही पालक नेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती, एक पालक गेलेल्यांना बालसंगोपन योजनेचा आधार होता. पण अर्ज कुणी तरी भरून द्यावा लागायचा. तसंच आठवी-नववीतल्या मुलीचा फोन अचानक बंद झाला आणि घरचे "आता ती शिकणार नाही" म्हणाले, तर लग्नाची शंका घ्या. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असलाच पाहिजे. स्वतः मध्यस्थी करायला जाऊ नका.

मुलांच्या सुरक्षेचे नियम कडक ठेवा, आणि ते तुमच्यावरही लागू आहेत हे मनापासून स्वीकारा. फोन नेहमी पालकांच्या नंबरावर, स्पीकर चालू. मुलाशी खासगी चॅट नाही. मुलाचा फोटो, नाव, गाव कुठंही टाकायचं नाही, संस्थेच्या पानावरही नाही. पालकांचा नंबर स्वयंसेवकांच्या मोठ्या ग्रुपवर फिरवायचा नाही. महिन्यातून एकदा गटातलं दुसरं कुणीतरी न सांगता कॉलवर येईल हे सगळ्यांना आधीच माहीत असावं. एखाद्या स्वयंसेवकाला हे नियम अपमानास्पद वाटले तर त्याला मुलांचं काम देऊ नये. तो शब्दकार्डं बनवू शकतो.

स्वयंसेवक गळतात, हे गृहीत धरूनच बांधणी करा. घरून काम करणाऱ्यांचे तास वाढतात, परीक्षा लागतात, घरात कुणी आजारी पडतं. म्हणून प्रत्येक मुलामागे दोन स्वयंसेवकांची जोडी द्या, दोघांनाही मूल ओळखत असलं पाहिजे. आणि मुदत बांधा: बारा आठवडे. "जमेल तोपर्यंत" म्हणणारा माणूस सहसा तिसऱ्या आठवड्यात न सांगता नाहीसा होतो, बारा आठवड्यांचं कबूल केलेला बहुधा पूर्ण करतो आणि पुढच्या बाराला पुन्हा उभा राहतो. न सांगता गेलेल्या स्वयंसेवकानं होणारं नुकसान तुम्हाला दिसत नाही. त्या मुलाला वाटतं, मला येत नव्हतं म्हणून ताई गेल्या.

संसर्ग उतरल्यावर गावातच पारावर किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर वर्ग घेणारे तरुण होते, त्यांचं काम फोनपेक्षा कितीतरी पटीनं चांगलं झालं. गावातला बारावी झालेला मुलगा मिळत असेल तर शहरातल्या स्वयंसेवकानं त्याला शिकवावं आणि त्यानं मुलांना. उघड्यावर, पाच-सहा मुलं, मास्क लावून, अंतर ठेवून. घरात कुणी तापानं आजारी असेल तर त्या दिवशी वर्ग नाही, मग तो तुमचा कितीही आवडता दिवस असो.

शाळेच्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोणत्या मुलाकडे फोन नाही, कोणतं कुटुंब ऊसतोडीला गेलंय आणि एप्रिलपर्यंत परतणार नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या वर्गातल्या मुलांना शिकवायला सुरुवात करणं मला मान्य नाही.

आणि शाळा उघडेल त्या आठवड्यासाठी आधीच एक काम ठरवून ठेवा. प्रत्येक मुलाबद्दल अर्ध्या पानाची चिठ्ठी मराठीत लिहून वर्गशिक्षकांना द्या: कोणते आवाज पक्के, कोणती अक्षरं उलटी होतात, पुस्तकातलं कितवं पान स्वतः वाचतं, घरात सोबत कोण बसतं, आणि कोणत्या विषयावर बोलताना जपावं लागतं. आमच्याकडच्या एका तिसरीच्या बाईंनी डिसेंबर २०२१ मध्ये या चिठ्ठ्यांवरूनच वर्गाचे गट पाडले आणि सुरुवातीचा चाचपडण्याचा महिना वाचवला. चिठ्ठी दिल्यावर मुलाला शेवटचा फोन करा, आता बाई शिकवतील असं सांगा, आणि त्याच्याकडून एक आख्खं पान वाचून घ्या.

तुम्हाला आत्तापासून तयारी करायची असेल तर माय इंग्लिश बुकचे पहिली ते पाचवीचे भाग उतरवून वाचून काढा, आणि जवळच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवड्यातून एक तास दोन मुलांसोबत बसा. समोर बसून पाय मोडलेला 'प्' शिकवणं जमलं की फोनवरून ते शिकवायला तुम्हाला फार तर आठवडाभर लागेल.